पक्ष्माभिका बिघडली की पेशीबाह्य पुटिका वाढतात की घटतात?

जिज्ञासू_पेशी (प्रश्न)

नमस्कार. मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि येत्या पंधरवड्यात विभागातल्या वाचनबैठकीत मला एक शोधनिबंध मांडायचा आहे. पक्ष्माभिका, म्हणजे पेशीच्या पृष्ठावरचा केसासारखा बारीक भाग, सदोष असली तर पेशी ज्या पुटिका, म्हणजे पटलाच्या सूक्ष्म पिशव्या, बाहेर सोडते त्यांच्यावर काय परिणाम होतो, हा त्याचा विषय आहे. बोलताना आम्ही सगळे सिलिया आणि व्हेसिकल असेच म्हणतो, पण इथे शक्यतो मराठी संज्ञा वापरते.

अडचण अशी की दोन दिवस वाचल्यावर मला दोन परस्परविरुद्ध उत्तरे मिळाली आहेत. रटगर्स विद्यापीठातील मॉरीन बार यांच्या गटाने २०१४ मध्ये सी. एलेगन्स या सूत्रकृमीवर केलेल्या कामात असे दिसते की पक्ष्माभिकेतील वाहतूक, म्हणजे आयएफटी, बिघडली किंवा केएलपी-६ हे वाहक प्रथिन नसले, तर पीकेडी-२ हे प्रथिन वाहणाऱ्या पुटिका कृमीच्या शरीराबाहेर येतच नाहीत. उलट माइन्झ येथील गटाच्या २०२१ च्या निबंधात, जो मला मांडायचा आहे, पक्ष्माभिका सदोष असलेल्या सस्तन प्राण्यांच्या पेशी लहान पुटिका अधिक प्रमाणात सोडतात आणि त्या पुटिकांमधील सामग्रीही बदललेली असते, असे म्हटले आहे.

मग खरे काय? कृमी आणि सस्तन प्राणी यांच्यातच हा फरक आहे, की मोजण्याच्या पद्धतीत काही गोम आहे? बैठकीत हाच प्रश्न पहिला विचारला जाईल याची मला खात्री आहे, आणि माझ्याकडे त्याचे उत्तर नाही.

सूत्रकृमी

दोन्ही निबंध बरोबर आहेत, आणि त्यांच्यात विरोधही नाही. ‘वाढतात की घटतात’ असा प्रश्न केला की तो विरोध आपोआप तयार होतो, कारण त्यात पुटिका कुठली, ती कुठून सुटली आणि आपण ती कुठे शोधली, या तीनही गोष्टी गळून पडतात. मी अनेक वर्षे कृमींसोबत घालवली असल्याने त्या बाजूचे सविस्तर सांगतो.

नर कृमीमध्ये पुटिका सोडणाऱ्या चेतापेशी फार थोड्या असतात. डोक्यातील चार सीईएम, शेपटीकडील एक एचओबी आणि सोळा आरएनबी मिळून नराच्या खास अशा २१, आणि नर व उभयलिंगी या दोघांतही आढळणाऱ्या सहा आयएल-२ मिळून एकूण २७. यातील सीईएमची पक्ष्माभिका मोकळ्या हवेत उभी नसते. तिच्याभोवती आधारपेशींनी वेढलेली एक चिंचोळी पोकळी असते, आणि त्या पोकळीचे तोंड त्वचेवरच्या बारीक छिद्रातून बाहेर उघडते. तुम्ही वाचलेल्या निबंधातील इलेक्ट्रॉन टोमोग्राफीने दाखवले ते असे की पुटिका पक्ष्माभिकेच्या बुडाशी, थेट पेशीपटलातून, अंकुरासारख्या फुटतात. पेशीच्या आत आधीच तयार होऊन मग बाहेर टाकल्या जाणाऱ्या पुटिकांचा हा प्रकार नव्हे. केएलपी-६ नसलेल्या कृमीत या पुटिका बाहेरच्या माध्यमात दिसत नाहीत हे खरे, पण पोकळीत पाहिले तर त्या तिथे नेहमीपेक्षा जास्त साचलेल्या आढळतात. म्हणजे बाहेर मोजणाऱ्याला त्या घटल्या असे वाटेल आणि आत पाहणाऱ्याला वाढल्या असे वाटेल, आणि दोघेही एकाच प्राण्याकडे पाहत असतील. नळाला पाणी नाही एवढ्यावरून धरण आटले असे कोणी म्हणू नये, तसाच हा प्रकार आहे.

या पुटिका नुसता कचरा नाहीत, हेही बैठकीत जरूर सांगा. धडधाकट कृमींपासून वेगळ्या केलेल्या पुटिका नरांसमोर ठेवल्या तर ते स्वतःच्याच शेपटीचा पाठलाग करू लागतात, आणि केएलपी-६ नसलेल्या कृमींपासून मिळवलेल्या, पीकेडी-२ नसलेल्या पुटिकांनी मात्र तसे काही होत नाही. म्हणजे वाहतूक बिघडली की निरोपच बदलतो.

दुसरा दुवा २०२१ सालचाच आहे आणि तुमच्या कोड्याला तो जास्त उपयोगी पडेल. राझौती आणि लोराँ यांनी उभयलिंगी कृमींमध्ये दाखवले की पुटिका दोन जागांहून सुटतात. पक्ष्माभिकेच्या टोकावरून सुटलेल्या बाहेरच्या वातावरणात जातात, तर बुडाजवळच्या पटलातून सुटणाऱ्या पुटिका शेजारची आधारपेशी जागच्या जागी गिळून टाकते. आयएफटीचा तोल गेला किंवा एखादे प्रथिन पेशीत मुद्दाम जास्त प्रमाणात तयार करवले, तर ते पक्ष्माभिकेत साठत जाते, आणि पेशी तो साठा पुटिकांवाटे काढून टाकते. म्हणजे याच कृमीत, वाहतुकीचा तोल बिघडला असताना, पुटिका हा सुटकेचा मार्ग ठरतो. तेव्हा कृमी विरुद्ध सस्तन अशी विभागणी मनातून काढून टाका.

हरितशैवल

वरील उत्तरात एका जुन्या साक्षीदाराची भर घालतो. क्लॅमिडोमोनस या एकपेशीय शैवलात पेशीविभाजनानंतर कन्यापेशी काही काळ मातृपेशीच्या भित्तीतच अडकलेल्या असतात, आणि ती भित्ती विरघळवणारे विकर त्यांच्या कशाभिकांपासून (याही रचनेने पक्ष्माभिकाच) सुटणाऱ्या पुटिकांमधून बाहेर येते, हे येल विद्यापीठातील रोझेनबाउम यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवले. ज्या उत्परिवर्तित वाणांना कशाभिका येतच नाहीत त्यांना या क्षेत्रातले लोक ‘बोडके’ अशा अर्थाच्या नावानेच ओळखतात. त्यांच्या पेशी भित्तीतून नीट बाहेर पडत नाहीत आणि संवर्धनात पुंजक्यांनी राहतात. पक्ष्माभिका नसल्याने पुटिका नाही आणि पुटिका नसल्याने सुटका नाही, हे नुसत्या साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसणारे उदाहरण आहे. बैठकीत एखादे चित्र दाखवायचे असेल तर हेच दाखवा, असा माझा आग्रह राहील, अर्थात मी शैवलवाला असल्याने तो पक्षपाती आहे.

दृष्टिपटल

मूळ मुद्दा ‘सदोष’ या शब्दातच दडलेला आहे असे मला वाटते, कारण पक्ष्माभिका एकाच रीतीने सदोष होत नाही. आयएफटी-८८ सारखे प्रथिन नसले तर ती उभीच राहत नाही. बार्डेट-बीडल या आनुवंशिक विकाराशी संबंधित बीबीएस प्रथिने नसली तर ती बहुधा उभी राहते, पण आत गेलेला माल परत आणण्याची सोय बंद पडते. पहिल्या बाबतीत इमारतच बांधली गेली नाही, आणि दुसऱ्या बाबतीत इमारत आहे पण कचऱ्याची गाडी येत नाही. या दोन स्थितींमध्ये पुटिकांचे वर्तन सारखे असावे अशी अपेक्षाच करता येत नाही.

दुसऱ्या स्थितीचा सर्वांत स्पष्ट अभ्यास २०१७ मध्ये नाचुरी यांच्या गटाने केला. पक्ष्माभिकेतील काही ग्राही, म्हणजे संदेश टिपणारी प्रथिने, उदाहरणार्थ सोमॅटोस्टॅटिनचा तिसऱ्या प्रकारचा ग्राही, संदेश मिळून सक्रिय झाले की एरवी बीबीएस प्रथिनांच्या संकुलामार्फत पेशीत परत आणले जातात. ही परतीची वाट बंद असली तर ते पक्ष्माभिकेच्या टोकाशी गोळा होतात, तिथे अ‍ॅक्टिनचे तंतू आणि मायोसिन-६ मिळून टोकाचा तो तुकडा चिमटून टाकतात, आणि ग्राही पुटिकेत बसून बाहेर जातो. इथे पुटिका सुटणे हे बिघाडाचे लक्षण आहे आणि त्याच वेळी बिघाडावरचा उपायही आहे. संदेशाचा अतिरेक टळतो, पण ग्राही मात्र कायमचा गमावला जातो.

आता माझ्या प्रांतातील गोष्ट. प्रकाशग्राही पेशीचा बाह्यखंड, म्हणजे चकत्यांची ती उंच चळत, ही मुळात रूपांतरित पक्ष्माभिकाच आहे. सस्तन प्राण्यांत ती चळत साधारण दहा दिवसांत पूर्णपणे नवी होते, म्हणजे तिच्या बुडाशी रोज प्रचंड प्रमाणात नवे पटल येऊन पडत असते. इतके पटल पक्ष्माभिकेत आले तर त्याच्या पुटिका होऊन उडून का जात नाहीत, हा खरा प्रश्न होता, आणि ड्यूक विद्यापीठातील अर्शाव्स्की यांच्या गटाने २०१७ मध्येच त्याचे उत्तर दिले. पेरिफेरिन नावाचे प्रथिन तिथे पुटिका सुटण्याला अटकाव करते, आणि त्या अटकावामुळे अडून राहिलेल्या पटलाच्याच चकत्या बनतात. हे प्रथिन नसलेल्या आरडीएस उंदरात बाह्यखंड तयारच होत नाही, आणि त्याच्या जागी दृष्टिपटलात पुटिकांचा अक्षरशः सडा पडलेला दिसतो. माणसात याच प्रथिनाच्या जनुकातील दोषांमुळे दृष्टिपटलाचे आनुवंशिक ऱ्हास होतात. मला स्वतःला या साऱ्या साहित्यातील हा सर्वांत सुंदर निष्कर्ष वाटतो, कारण पुटिका सोडणे ही पक्ष्माभिकेची मूळ सवय आहे आणि डोळ्याने ती सवय दाबून धरली आहे, असे त्यातून दिसते.

म्हणून ‘वाढतात की घटतात’ असे कोणी विचारले तर उलट विचारा की बिघाड बांधणीचा आहे, परतीच्या वाहतुकीचा आहे, की अटकावाचा.

जिज्ञासू_पेशी

तिघांचेही मनापासून आभार. परतीची वाट बंद पडल्याने माल पुटिकांवाटे बाहेर जातो हे आता नीट समजले. पण याने माझा निबंध पूर्ण उलगडत नाही. त्यातील वाढलेल्या पुटिका लहान आहेत, आणि त्या पक्ष्माभिकेच्या पटलातून नव्हे तर पेशीच्या आतील बहुपुटी पिशव्यांमधून, म्हणजे मल्टिव्हेसिक्युलर बॉडीतून, आलेल्या आहेत असे लेखकांचे म्हणणे आहे. पक्ष्माभिका पेशीच्या एका टोकाला, या पिशव्या पेशीच्या पोटात. मग एकीच्या बिघाडाने दुसरीकडचे उत्पादन का वाढावे? शिवाय या पुटिका दुसऱ्या पेशींना दिल्यावर त्यांचा डब्ल्यूएनटी या, पेशींची वाढ व घडण ठरवणाऱ्या, संदेशमार्गाला मिळणारा प्रतिसाद बदलतो असेही त्यात आहे, तेव्हा हा नुसता कचरा नसावा.

काचसामान

तुमचा हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा चांगला आहे, आणि त्याचे उत्तर पूर्ण मिळालेले नाही असे मोकळेपणाने सांगितलेत तरी बैठकीत कोणी तुम्हाला दोष देणार नाही. तरीही दोन वाटा विचारात घेण्यासारख्या आहेत.

पहिली वाट भूगोलाची आहे. अनेक सस्तन पेशींत पक्ष्माभिकेच्या बुडाशी पेशीपटलाचा एक खळगा असतो, आणि तिथे पेशीपटलातून आत घेणे आणि बाहेर टाकणे या दोन्ही क्रिया जोरात चालतात. त्याच्याच खाली तारककेंद्र असते, आणि पेशीतील सूक्ष्मनलिकांचे रस्ते बहुधा तिथेच येऊन मिळतात. म्हणजे तुम्ही ‘पेशीच्या एका टोकाला’ म्हणता ती जागा वाहतुकीच्या दृष्टीने आडगाव नसून मोठे जंक्शन आहे, आणि तिथली वर्दळ विस्कटली तर आतल्या पिशव्या विघटनाकडे जाण्याऐवजी पेशीपटलाकडे वळू शकतात. हे अनुमान आहे, पण अतर्क्य नाही.

दुसरी वाट अधिक अडचणीची आहे. ज्यांना आपण पक्ष्माभिकेची प्रथिने म्हणतो ती फक्त पक्ष्माभिकेतच काम करतात असे नाही. आयएफटी-२० हे गॉल्जी पिंडावरही असते, आणि ज्यांना प्राथमिक पक्ष्माभिकाच नसते अशा टी लसिकापेशींतही ग्राहींच्या वाहतुकीत ते भाग घेते. बीबीएस-४ हे तारककेंद्राभोवतीच्या कणिकांमध्ये सापडते. तेव्हा एखादे प्रथिन काढून टाकल्यावर पुटिका वाढल्या, तर त्या पक्ष्माभिका बिघडल्याने वाढल्या की त्या प्रथिनाचे पेशीच्या आतील दुसरे काम थांबल्याने वाढल्या, हे एका उत्परिवर्तनावरून ठरत नाही. वेगवेगळ्या टप्प्यांवर काम करणारी प्रथिने एकेक करून काढली आणि परिणाम तोच आला, तर पक्ष्माभिकेवरचा संशय बळावतो. निबंध वाचताना कोणकोणती जनुके बिघडवली आहेत याची एक यादी स्वतःसाठी करा आणि प्रत्येकासमोर लिहा की त्या पेशीत पक्ष्माभिका उभी आहे की नाही. निम्मी चर्चा तिथेच होईल.

आता मोजण्याविषयी, कारण माझा बहुतेक काळ त्यातच गेला आहे. संवर्धनातील पेशींना पक्ष्माभिका उगवावी म्हणून आपण त्यांना साधारण एक ते दोन दिवस सीरमविना, म्हणजे माध्यमात पोषणासाठी घातल्या जाणाऱ्या गाईच्या रक्तद्रवाविना, उपाशी ठेवतो. उपासमारीने पेशीचे स्वभक्षण, म्हणजे स्वतःचेच भाग पचवणे, वाढते, आणि स्वभक्षण व बहुपुटी पिशव्या हे दोन मार्ग एकमेकांना जोडलेले असल्याने पुटिकांची संख्या त्यानेच बदलू शकते. उलट सीरम ठेवले तर त्यातच गाईच्या असंख्य पुटिका असतात. मी शिकत होतो त्या प्रयोगशाळेत आम्ही एकदा तीन आठवडे मोठ्या उत्साहाने ज्या पुटिका मोजल्या त्या पेशींच्या नव्हत्याच, बाटलीतल्या सीरमच्या होत्या. पेशी न घालता नुसते माध्यम यंत्रातून काढून पाहण्याचे कोणालाही सुचले नव्हते. त्या दिवसापासून तो रिकामा नमुना मी सर्वांत आधी मोजतो.

याखेरीज पेशींची संख्या. वाढ खुंटलेल्या किंवा मरणाऱ्या पेशी पुष्कळ पटल सांडतात, म्हणून पुटिकांचा आकडा जिवंत पेशींच्या आकड्याने भागलेला आहे का ते पाहा. आकारावरून उगम सांगण्याचा मोहही टाळा. पेशीच्या आतून येणाऱ्या पुटिका साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या आणि पटलातून फुटणाऱ्या १०० ते १,००० नॅनोमीटरच्या असे पाठ्यपुस्तकात असते, पण दोन्ही पल्ले एकमेकांत शिरतात, आणि कृमीच्या पक्ष्माभिकेवरून फुटणाऱ्या पुटिका शंभर नॅनोमीटरच्या आसपासच असतात. म्हणूनच या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत, उगम सिद्ध केला नसेल तर ‘एक्झोसोम’ न म्हणता ‘लहान पेशीबाह्य पुटिका’ असे म्हणावे, असे सुचवले आहे. तुमच्या निबंधातही लहान पुटिका असाच शब्द आहे हे तुम्ही लिहिलेतच. तो वापर जाणीवपूर्वक केलेला आहे.

मूत्ररोग_विभाग

रोगाच्या बाजूने थोडक्यात. बहुपुटीय मूत्रपिंड विकारात, म्हणजे मूत्रपिंडात द्रवाने भरलेल्या गाठी (पुटी) होतात त्या विकारात, जी दोन जनुके बहुतेक वेळा दोषी असतात, पीकेडी-१ आणि पीकेडी-२, त्यांची प्रथिने पक्ष्माभिकेवर असतात, आणि यांतील दुसऱ्या जनुकाचा कृमीतील भाऊबंद म्हणजेच वर ज्याची चर्चा झाली ते पीकेडी-२. माणसाच्या लघवीतील पुटिकांवरही ही प्रथिने आढळतात. हे २००९ मध्ये ठळकपणे दाखवले गेले, आणि त्या पुटिका मूत्रपिंडातील पेशींच्या पक्ष्माभिकांना जाऊन चिकटू शकतात असेही त्यात दिसले. २०१५ मध्ये त्याच गटाने पीकेडी-१ च्या रुग्णांच्या लघवीतील पुटिकांवर पॉलिसिस्टिन-१ चे, म्हणजे पीकेडी-१ जनुकाच्या प्रथिनाचे, प्रमाण, टीएमईएम-२ या दुसऱ्या प्रथिनाच्या तुलनेत, कमी असल्याचे मांडले. लक्षात घ्या, इथे पुटिकांची संख्या हा मुद्दाच नाही. त्यांच्यावर काय आहे हे पाहिले जाते, आणि एका प्रथिनाला दुसऱ्याने भागल्यामुळे लघवी पातळ आहे की दाट याची अडचणही टळते.

उलट दिशेचा पुरावाही आहे. पुटी झालेल्या मूत्रपिंडाच्या पेशींनी सोडलेल्या पुटिका पुटींची वाढ पुढे रेटतात असे २०२१ मध्ये उंदरांवरील कामातून दाखवले गेले, आणि पुटिकांचा स्राव रोखणारे जीडब्ल्यू-४८६९ हे द्रव्य दिल्यावर ती वाढ मंदावली. रुग्णांना हे औषध म्हणून देण्यापासून आपण फार दूर आहोत. कोणाच्या घरी हा विकार असेल आणि ते हे वाचत असतील, तर त्यांनी यातून उपचाराचा अर्थ काढू नये, ही विनंती.

जिज्ञासू_पेशी

काचसामान यांच्या सूचनेप्रमाणे यादी करायला घेतली आणि पहिल्याच ओळीत माझी चूक सापडली. बीबीएस नावाची सगळी प्रथिने एकाच संकुलात असतात असे मी धरून चालले होते, आणि तसे मी पहिल्या पारदर्शिकेवर लिहूनही ठेवले होते. बीबीएस-६ त्या संकुलात नाही ना?

दृष्टिपटल

नाही. संकुलात आठ प्रथिने असतात आणि बीबीएस-६ त्यांच्यात नाही. बीबीएस-६, १० आणि १२ ही त्या संकुलाची जुळणी करायला मदत करणारी प्रथिने आहेत. म्हणजे गवंडी आहेत, भिंत नव्हे. त्यामुळे बीबीएस-४ नसलेली पेशी आणि बीबीएस-६ नसलेली पेशी यांचे पुटिकांबाबतचे निकाल जुळले तर ते संकुलाच्या बाजूने बोलतात, आणि जुळले नाहीत तर बीबीएस-६ आणखी कुठे काम करते हे शोधावे लागेल. निबंधातल्या आकृत्यांत या दोन पेशींचे स्तंभ शेजारी शेजारी ठेवून पाहा, आणि काय दिसते ते बैठकीच्या आधी इथे लिहा.